फोन उचलला नाही की...

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहते, वय ५८. बंगळुरूच्या लेकीनं फोन उचलला नाही की माझी तव्यावरची पोळी करपते. समुपदेशक बाईंनी संगणकावर गोष्टी वाचायला दिल्यात. हा कसला खेळ?
– एक आई, वडोदरा

उत्तर : ताई, खेळच, पण मुद्दाम रचलेला. 'लेक फोन उचलत नाही. ती का_त असेल.' गाळलेलं अक्षर तुम्हीच भरायचं. शेवट साधाच निघतो : 'कामात'. असं पुन्हा पुन्हा केलं की थेट अपघाताकडे धावणारं मन जरा थबकायला शिकतं. (माझंही धावतं!) 'काय झालं असेल' ही अनिश्चितता माणसाला किती सोसवते हे मोजणारी २७ विधानांची प्रश्नावली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४मध्येच केली. या गोष्टींचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही, बाईंकडे जाणं सोडू नका. उद्या मात्र दुसरा फोन अर्ध्या तासानं लावा. तोवर पोळ्या लाटा.