कोणाला कुठल्या कोर्सला पाठवू? त्याआधी एक वही घाला

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कळव्यातलं 'ब' वर्गाचं (सरकारी अनुदानासाठी ठरलेली श्रेणी) वाचनालय. ग्रंथपाल, निर्गम सहायक (पुस्तकांची देवघेव करणारा) आणि शिपाई मिळून तीन माणसं. कादंबऱ्या नेणारे जुने सभासद कमी होतायत, अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही, आणि कार्यकारिणीने पहिल्यांदाच प्रशिक्षणासाठी थोडे पैसे काढलेत. ते कशावर खर्च करावेत?

सध्या कशावरच नको. मी ठाण्यात आयुष्यभर देवघेवीच्या टेबलामागे बसलोय, त्यावरून सांगतो. शंभर पानी वही आणा आणि टेबलावर ठेवा. कोणी काही मागितलं आणि आपण 'नाही', 'माहीत नाही' किंवा 'इथे नाही होत' म्हणालो, की ते वहीत लिहायचं. मागणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख घालून, नाव न लिहिता. महिनाभर. शिपायानेही लिहायचं, कारण दारातूनच परत जाणारी माणसं त्यालाच दिसतात. तुमचा अभ्यासक्रम त्या वहीत तयार होईल.

आमच्याकडे केलं तेव्हा मला वाटलं होतं, नव्या पुस्तकांची यादी निघेल. निघालं भलतंच. एका सोमवारी एक गृहस्थ आले, "सोसायटीच्या कायद्याचं पुस्तक आहे का?" आमच्या निर्गम सहायकाने तत्परतेने कपाटातून काढून दिलं. पंधरा दिवसांनी ते परत आले ते चिडूनच. पुस्तक २०१९ च्या आधीचं होतं. त्या वर्षी सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, ते त्यात असणार कुठून? आणि खरं तर त्यांना कायदा वाचायचाच नव्हता. इमारत पुनर्विकासाला निघालेली, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज कुठे आणि काय काय जोडून करायचा, एवढंच हवं होतं. नौपाडा-पाचपाखाडीत निम्म्या इमारतींचा हाच विषय चाललेला असतो. 'कशासाठी हवंय?' एवढं विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून पहिलं प्रशिक्षण प्रश्न विचारण्याचं. आम्ही ते नाटकासारखं केलं. मंगळवारी दुपारी दोन ते तीन वाचनालय बंद (पाटी लावली, दोघातिघांनी कुरकूर केली, मग सवय झाली). एकाने वाचक व्हायचं, वहीतलाच एक प्रश्न अर्धवट विचारायचा, दुसऱ्याने दोन-तीन प्रश्नांत खरी गरज काढायची. चौकशी वाटू नये, ही त्यातली खरी कसरत. शिपाई या कामात आम्हा सगळ्यांपेक्षा तरबेज निघाला. आमच्या ग्रंथपालांना ते पचायला महिना लागला.

दुसरा मोठा गठ्ठा मोबाईलचा. नोव्हेंबर लागला की पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येतात. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, आता फोनवर चेहरा दाखवून होतं, पण आधीची पायरी-पायरी कोण सांगणार? सांगायला हरकत नाही, मात्र आमच्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. एका आजोबांचा मेल आमच्या माणसाने सगळ्यांच्या वापराच्या संगणकावर उघडला आणि बंद करायला विसरला. संध्याकाळी अभ्यासिकेतल्या एका मुलीने येऊन सांगितलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम केला : फोन वाचकाच्याच हातात, ओटीपी आपण ऐकायचाही नाही, पासवर्ड टाकायचा तर आपण मान वळवायची. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर टेबलावर मोठ्या अक्षरात.

सॉफ्टवेअरबद्दल. कार्यकारिणीला ते सर्वांत आधी घ्यावंसं वाटतं, कारण उद्घाटन करता येतं. वाचनालयाचं 'कोहा' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय तुम्हाला मिळतं का तेही विचारून बघा, तेव्हा पैसे तिथे घालू नका. कष्ट पडतात ते नोंदींना. आमची जुनी यादी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरांत) आणल्याशिवाय शोध चालेना, आणि आणल्यावर कळलं की एकच लेखक तीन तऱ्हांनी लिहिलाय : कुठे आद्याक्षरांमध्ये टिंब, कुठे नाही, कुठे आडनाव आधी. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाचा सराव रोज वीस मिनिटं आणि नावं लिहिण्याचा एकच ठरलेला नियम, एवढं झालं तरी पुष्कळ. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्यांचं चौथं सूत्र मला भाषणांपेक्षा या कंटाळवाण्या कामात जास्त कळलं.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी खुर्च्या वाढवणं तुमच्या हातात नसेल, पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय हे तुमच्या माणसाला माहीत हवं. बहुपर्यायी प्रश्नांचे जुने संच पुढे करत बसू नये. महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ठाण्यातच आहे. तिथे एकदा जाऊन मुलं आता काय वाचतात ते बघून यावं.

लहान मुलांचं वेगळंच. घोडबंदरकडून येणारी इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी फडाफडा बोलतात, वाचताना अडतात. त्यांना पुस्तक देऊन पाठवलं की ते तसंच परत येतं. मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, आणि ते शिकावं लागतं. तुमच्या गावात एखाद्या निवृत्त बालवाडीच्या बाई असतीलच. चार शनिवार त्यांना बोलवा, त्यांच्या मानधनावर जरूर पैसे खर्च करा. अंध वाचक येत असतील तर सुगम्य पुस्तकालयाची (त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाची) ओळख करून घ्या. कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी पुस्तक वाचनीय रूपात आणायला कॉपीराइट आड येत नाही.

आता कोर्स. जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात तो प्रमाणपत्राचा वर्ग निर्गम सहायकाला जरूर करू द्या. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) पक्कं होतं, पुढे पदासाठीही उपयोगी पडतो. फी वाचनालयाने भरावी आणि वर्गाचे तास कामाचे धरावेत. आपल्याकडचे पगार तुम्हाला माहीत आहेत. अनुदानाचा हप्ता लांबला की तेही लांबतात. त्या माणसाला रविवारी स्वतःच्या खर्चाने शिक म्हणणं बरं दिसत नाही.

आणखी एक, जरा तिखट. मंगळवारच्या तासाला कार्यकारिणीतला एक सदस्य पाळीपाळीने बसवा. आमच्याकडे वही वाचून दाखवल्यावरच दुसरा संगणक मंजूर झाला. त्याआधी तीन अर्ज फायलीत पडून होते.

महिना झाला की वहीतले पहिले वीस 'नाही' इथे टाका, मग कशावर खर्च करायचा ते बघू.