बर्फ निळा असते काय?

प्रश्न: पोरगा जूनमध्ये आम्हा दोघांना अलास्कात छोट्या जहाजावर नेतो म्हणते. दिवसभर नुसता बर्फच पाहायचा काय? अन् तो निळा असते म्हणतात, खरं काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: खरंच निळा असते भाऊ. दाबून दाबून त्यातली हवा निघून जाते, मग लाल उजेड बर्फ पिऊन टाकते अन् निळा तेवढा आपल्याला दिसते. अलास्कातल्या ग्लेशियर बे नावाच्या खाडीत 1794 साली तोंडापाशीच बर्फाची भिंत होती, आता ती शंभरेक किलोमीटर मागं सरकली, म्हणून तर जहाज इतकं आत जाते. हिमनदीसमोर इंजिन मंद करून थांबतात, कडा तुटून पाण्यात पडताना आधी दिसते अन् आवाज मागून येते, दूरच्या वावरात कुऱ्हाड मारल्यावर होते ना, तसंच. व्हेल दिसंल तर नशीब, पण मला विचाराल तर सी ऑटर म्हणजे समुद्रातलं पाणमांजर पाहा, उताणा तरंगते, छातीवर गोटा ठेवून त्यावर शिंपले फोडते, लय मजा! थंडी आपल्या डिसेंबरातल्या पहाटेएवढी, पण वारा अन् पाऊस वेगळाच, रेनकोट न्याच. अन् रात्री दहालाही उजेड असते, वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर जेवण कधीचं म्हणून भांडतील.