पार्टनर म्हणतात नीती पक्षकार बघेल. मग गृहीतकं कोण बघतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॉ फर्ममध्ये वकील म्हणून दुसरं वर्ष चालू आहे, पार्टनर म्हणतात ‘आपण कायद्याचं मत देतो, नीतीचं पक्षकार बघेल’, आणि हे तुमच्या पचनी पडत नाही. पुढे कंपनीत इन-हाऊस (म्हणजे कंपनीचा पगारी वकील म्हणून) जायचाही विचार आहे. कोणीतरी सल्ला दिलाय की कॉर्पोरेट सोडा, कोर्टात या. (कोर्टात नीतीचे प्रश्न नसतात हे मला नव्यानंच कळलं.)

पार्टनरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पक्षकाराचा धंदा आपल्याला आवडतो की नाही यावर सल्ला ठरायला लागला तर तंबाखूवाल्याला वकील मिळणार नाही, बिल्डरला तर नाहीच नाही. पण आपली खरी कसोटी तिथे लागत नाही. ती लागते ओपिनियनमधल्या (पक्षकाराला दिलेल्या लेखी कायदेशीर मतातल्या) ‘आम्ही पुढील बाबी गृहीत धरल्या आहेत’ या परिच्छेदात. सह्या खऱ्या आहेत, कागदपत्रं पूर्ण आहेत, संचालकांनी कंपनीच्या हिताचा विचार केला आहे, वगैरे. यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं आणि त्याशिवाय कुठलंच ओपिनियन निघणार नाही. पण कधीकधी सगळा घोळ ज्या एका गोष्टीत आहे, नेमकी तीच तिथे गृहीत धरलेली असते. मग खाली लिहिलेला कायदा शंभर टक्के बरोबर, आणि कागद मात्र तिसऱ्याच माणसाची दिशाभूल करायला तयार.

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचं ‘रेपो १०५’ बघा. तिमाही संपायच्या सुमारास रोखे देऊन रोकड उचलायची, तिच्यातून देणी फेडायची, ताळेबंद निघाला की काही दिवसांत रोखे परत घ्यायचे. व्यवहाराच्या भाषेत हे कर्जच. पण १०० डॉलरच्या रोकडीला किमान १०५ डॉलरचे रोखे दिले, म्हणून हिशेबात ती विक्री दाखवायची, म्हणजे ताळेबंदात कर्ज दिसत नाही. त्यासाठी ‘ही खरी विक्री आहे’ असं वकिलाचं मत लागतं. अमेरिकन कायद्याखाली असं मत लेहमनला कुठल्याच अमेरिकी फर्मकडून मिळेना. मग लंडनच्या लिंकलेटर्सकडून इंग्लंडच्या कायद्याखाली, लेहमनच्या युरोपीय कंपनीसाठी ते घेतलं आणि व्यवहार तिकडून फिरवले. २००८च्या दुसऱ्या तिमाहीअखेर असे सुमारे ५० अब्ज डॉलर ताळेबंदाबाहेर होते. १५ सप्टेंबरला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयानं नेमलेले परीक्षक अँटन वॅलुकस यांचा अहवाल मार्च २०१० मध्ये आला, तेव्हा हे जगाला कळलं. इंग्लिश कायद्याचं ते मत चूक होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून तर मी हे उदाहरण देतोय. ‘हे अमेरिकेत का मिळत नाही आणि या कागदाचं पुढे काय होणार?’ हा प्रश्न अशा ओपिनियनच्या कक्षेतच येत नाही. तो विचारायचा की नाही, हे वकील स्वतः ठरवतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की वकिलानं स्वतःला पक्षकाराचं निव्वळ तोंड समजू नये, गैरवर्तनाचा हट्ट धरणाऱ्याचं काम नाकारावं. पण ते लिहिलेत कोर्ट आणि समोरची बाजू डोळ्यांसमोर ठेवून. बोर्डरूम त्यात फारशी दिसत नाही. एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर (हो, आपल्या दाभोळवालीच) अमेरिकेनं वकिलांवर बंधन घातलं की कंपनीत गैरप्रकाराचा पुरावा दिसला तर आधी मुख्य कायदा अधिकाऱ्याला कळवा, योग्य प्रतिसाद आला नाही तर ऑडिट कमिटीपर्यंत जा. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) नं ऑडिटरवर घोटाळा कळवायची जबाबदारी टाकली. वकिलावर तशी नाही.

आता रोजच्या कामातलं. ‘ठरावाची तारीख मागची टाका’ हे तुम्हाला आजवर सांगितलं गेलं नसेल तर लवकरच सांगितलं जाईल. करार आज सही होतोय पण १ एप्रिलपासून लागू, असं करारातच उघड लिहिलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. सहीच १ एप्रिलला झाली असं दाखवणं हा खोटा कागद. सह्यांची पानं आधी गोळा करून तारखेची जागा रिकामी ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. ती जागा कोण, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून भरतं ते बघा. ई-स्टॅम्पवर तारीख असते, डिजिटल सहीवर वेळही असते. हे उघडं पडायला फार हुशार माणूस लागत नाही.

गोपनीयतेबद्दल एक गैरसमज. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्याचं १२६) वकील-पक्षकार संवादाला संरक्षण देतं, पण बेकायदा हेतूसाठी झालेल्या संवादाला नाही. इन-हाऊस जाणार असाल तर आणखी एक. पगारी नोकरी धरली की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की इन-हाऊस वकिलाला कलम १३२ चं संरक्षण नाही. कलम १३४ खाली मर्यादित संरक्षण आहे. म्हणजे तुमचे मेल उद्या कोणीतरी वाचू शकतं हे धरूनच लिहा. तुमचा पक्षकार कंपनी आहे, एमडी नव्हे, हेही तिथे जास्त जपावं लागतं; कारण तुमचं अप्रेझल एमडी लिहितात.

फर्ममध्ये सध्या काय करायचं? पार्टनरशी नीतीवर वाद घालू नका, हरलात तरी आणि जिंकलात तरी उपयोग शून्य. ड्राफ्टमधल्या ज्या गृहीतकाबद्दल शंका आहे त्यावर चार ओळींचा मेल करा: ‘परिच्छेद अमुकमध्ये हे गृहीत धरलं आहे. फाईलमधला तमुक कागद याच्या उलट दिसतो. पक्षकाराकडून खुलासा मागवू का, की गृहीतक काढून मत मर्यादित करू?’ चांगला पार्टनर यावर खूश होतो, कारण यात त्याचीही कातडी वाचते. उत्तर केबिनमध्ये बोलावून तोंडी मिळालं, तर संध्याकाळी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ म्हणून तेच पुन्हा लेखी पाठवा. त्यावरही ‘असले मेल करू नका’ असं आलं, तर दुसरी फर्म बघायला लागा, आणि तोवर त्या ओपिनियनच्या टीममधून नाव काढून घ्या.