बुरशीला पान कसं कळतं?

प्रश्न : भातावरच्या करप्याचा बीजाणू पानावर पडून रुजतो आणि आत घुसतो, असं वाचलं. पण बुरशीला ना डोळे, ना नाक. आपण पानावर आहोत हे तिला कळतं कसं? आणि कळूच दिलं नाही तर?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच वेंधळेपणानं शिकवलं. विद्यार्थी असताना करप्याच्या बीजाणूंचे थेंब मी एका फिल्मवर ठेवत असे. तिची एक बाजू पाणी झटकते, दुसरीवर पाणी पसरतं. एकदा घाईत ती उलटी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बीजाणू रुजलेले, नळ्या लांबच लांब गेलेल्या, पण टोकाला जो काळा गोल फुगा यायला हवा, त्याचा पत्ता नाही. बीजाणूच खराब निघाले, असं मी ठरवून टाकलं. आमच्या बाईंनी फिल्मवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला आणि म्हणाल्या, "बुरशीला बाजू कळली, तुला नाही कळली."

तो फुगा म्हणजे ॲप्रेसोरियम. भाताच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी त्यावर ठरत नाही. नळीचं टोक असा कडक, पाणी झटकणारा पृष्ठभाग चाचपतं, आकड्यासारखं वळतं आणि तिथंच फुगतं. फुग्यात ग्लिसरॉल साठतं, भिंतीत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य भरतं आणि आतला दाब 8 मेगापास्कलपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरच्या हा तीस-चाळीस पट. त्या जोरावर एक बारीक खुंटी पानात घुसते.

चाचपण्याचं काम पेशीच्या पटलात रुतलेले रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा इशारा ओळखणारी प्रथिनं, करतात. त्यांतल्या पीटीएच११ या प्रथिनाची माहिती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचं जनुक मोडलं की बीजाणू रुजतो, पण फुगे जेमतेम येतात. बाहेरून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू घातला की पुन्हा येऊ लागतात! म्हणजे आतली यंत्रणा शाबूत होती, दारावरची घंटा तेवढी बंद पडली होती. एरवी रिसेप्टरकडून निरोप जी-प्रोटीन या पटलाला आतून लागून असलेल्या प्रथिनाकडे जातो आणि पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं. माझ्या उलट्या फिल्मवरही ते घातलं असतं तर फुगे आले असते.

टोमॅटोच्या मर रोगाच्या बुरशीची तर मला गंमतच वाटते. जोडीदाराचा रासायनिक इशारा ओळखणारा एसटीई२ हा रिसेप्टर ती मूळ शोधायला वापरते. मुळातून झिरपणाऱ्या पेरॉक्सिडेज विकरांचा माग ती त्यावर काढते, हे 2015 मध्ये दिसून आलं. आणि या बुरशीचं लैंगिक पुनरुत्पादन तर आजवर कुणी पाहिलेलंच नाही.

आता 'कळूच दिलं नाही तर'. कल्पना मोहक आहे, पण करप्याच्या बुरशीत पीटीएच११च्या घराण्यातले साठेक रिसेप्टर आहेत. एक दार बंद केलं तर ती दुसरं धुंडाळणार. माझा भर निरोपाच्या पुढच्या टप्प्यांवर राहील, कारण बरेच निरोप तिथं एकत्र येतात. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक तर त्याहूनही पुढं घाव घालतं : मेलॅनिन बनू देत नाही. फुगा येतो, पण त्यात दाब टिकत नाही आणि खुंटी बाहेरच राहते. बुरशीला पान कळलेलं असतंच.