नागपूर सोडून पुण्याला शिकायला जावे का?

तुमचा प्रश्न असा आहे की अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत बरे पर्सेंटाइल मिळाले आहे, संगणक शाखेसाठी नागपुरातले चांगले महाविद्यालय मिळण्यासारखे आहे आणि पुण्यातलेही मिळू शकेल, आई-बाबा 'तुला पटेल ते कर' म्हणतात, तेव्हा घर सोडावे की नाही. मी २००९ मध्ये नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरातून पुण्याला गेले आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेला भाऊ नागपुरातच शिकला, त्यामुळे एकाच घरातल्या दोन्ही गोष्टी मला जवळून ठाऊक आहेत.

मी गेले हे चुकले नाही, पण ज्या कारणासाठी गेले ते कारण चुकीचे होते. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या पाच-सहा मुली पुण्याला निघाल्या होत्या आणि 'पुण्याला शिकते' हे शब्द उच्चारायलाच मला इतके आवडत होते की महाविद्यालय कोणते, तिथे शिकवते कोण, प्रयोगशाळा कशी आहे, यांपैकी काहीही मी पाहिले नाही. मिळालेले महाविद्यालय शहराच्या कडेला होते आणि नुकतेच उघडले होते. प्रात्यक्षिकाला एका यंत्राभोवती आठ-आठ जण उभे राहत आणि दुसऱ्या वर्षी एका विषयाला सहा महिन्यांत तीन अध्यापक बदलले. तेवढ्याच गुणांवर मला नागपुरात त्याहून जुने आणि बरे महाविद्यालय मिळत होते, हे दिवाळीच्या सुट्टीत इथल्या मैत्रिणीची जर्नल चाळताना लक्षात आले, आणि तेव्हा ते कोणाला सांगण्याचीही सोय नव्हती. उलट भावाला २०१३ मध्ये विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला. १९६० मध्ये सुरू झालेली ही महाराष्ट्रातली एकमेव एनआयटी असून तिच्या निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात. ज्या वर्गात बसण्यासाठी दूरच्या राज्यांतली मुले घर सोडून नागपूरला येतात, तिथे हा घरचा नाश्ता करून दुचाकीने जात असे.

म्हणून 'पुणे की नागपूर' अशी तुलना मुळातच करू नये असे माझे मत आहे. तुलना एका विशिष्ट महाविद्यालयातल्या विशिष्ट शाखेची दुसऱ्या महाविद्यालयातल्या त्याच शाखेशी करावी लागते. पुण्याचे सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) मिळत असेल, तर प्रश्नच उरत नाही. १८५४ पासून चालत आलेली आणि २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालेली ती संस्था आहे, तिथे जरूर जावे. परंतु पुण्याच्या यादीतले पंधरावे-विसावे महाविद्यालय केवळ ते पुण्यात आहे म्हणून नागपुरातल्या पहिल्या चार-पाचांच्या वर लिहिणे हा शुद्ध तोटा आहे, आणि तो मी सोसला आहे.

इथे एक तांत्रिक बाब नीट समजून घ्यावी, कारण तिच्यात नागपूरची पुष्कळ मुले फसतात. बारावी नागपुरातून झाल्यामुळे तुमची 'होम युनिव्हर्सिटी', म्हणजे प्रवेशासाठी आपल्या भागाचे धरले जाणारे विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ ठरते. पुण्यातल्या बहुतेक खासगी महाविद्यालयांत मोठा वाटा तिथल्या विद्यापीठाच्या मुलांचा असतो आणि तुमची स्पर्धा उरलेल्या जागांसाठी असते. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या तक्त्यात प्रवर्गाच्या सांकेतिक नावाच्या शेवटी एच, ओ किंवा एस असे अक्षर दिसेल. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांच्या आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. पुण्यातल्या महाविद्यालयाचा एच असलेला आकडा पाहून 'आपल्याला मिळते' असे समजणे व्यर्थ आहे, तुमचा आकडा ओ किंवा एस असलेल्या रांगेत असतो. शिवाय केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणजे घर सोडण्याचा खरा निर्णय निकालानंतर नव्हे, तर पसंतीक्रम भरताना त्या यादीतच होऊन जातो.

पैशांविषयी आई-बाबांशी मोकळेपणाने बोला आणि 'बघू, होईल काहीतरी' या उत्तरावर थांबू नका, दरमहा किती पाठवता येईल तो आकडा घ्या. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण संस्थास्तरावर, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः भरलेल्या जागांतून, घेतलेल्या जागेला ही माफी लागत नाही. तुम्ही त्यात बसत असाल तर शुल्काचा फरक जवळजवळ पुसला जातो आणि दोन शहरांतला फरक राहतो तो फक्त खोली, मेस आणि प्रवासाचा. तो ही शुल्कमाफी भरून देत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मात्र गणित वेगळे आहे: शासकीय वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजनेतून राहण्याजेवण्याचा खर्च मिळतो, पण अट अशी की विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा. त्यांना घर सोडल्यावरच ती मदत लागू होते.

आता राहण्याचे सांगते, कारण माहितीपत्रकात ते कधीच नसते. पहिल्या वर्षी वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून मी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहिले. चार खाटा, एका लोखंडी कपाटाचा वाट्याला आलेला एक कप्पा, सकाळी सहा ते सात एवढाच वेळ चालू राहणारा गीझर आणि दाराच्या आत चिकटवलेली घरमालकीणबाईंच्या नियमांची यादी. ऑगस्टमध्ये मला ताप आला. मेसचा डबा दोन दिवस उघडलाही नाही, तरी त्याचे पैसे द्यावे लागले, कारण खाडा (न जेवलेल्या दिवसांची सूट) मिळवायचा तर आदल्या दिवशी कळवावे लागे आणि तोही सलग तीन दिवसांचा असल्यावरच मिळे. सांगलीची सोबतीण कोणाकडून तरी इलेक्ट्रिक शेगडी मागून आणून मऊ भात करत होती, आणि मी आईला फोनवर 'ठीक आहे, जेवले' असे सांगत होते. तो दिवस तान्ह्या पोळ्याचा होता, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघाली होती आणि फोनमधून ढोल ऐकू येत होते. पुण्यात त्या दिवशी कॉलेज नेहमीसारखे भरलेले होते.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. त्या चार वर्षांत बँक, दवाखाना, घरमालकाशी डिपॉझिटवरून भांडण, रेल्वेचे आरक्षण, सगळे मी एकटीने केले, आणि महाविद्यालयाने जे दिले नाही त्यातले बरेचसे त्या खोलीने दिले. (भाजीवाल्याकडे 'सांबार' मागितल्यावर तो मसाल्याची पुडी दाखवतो आणि आपल्याला 'कोथिंबीर' म्हणायला शिकावे लागते, हेही त्यातच आले.) अंतराचा त्रास आता थोडा कमी झाला आहे. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत साधारण बारा तासांत पोहोचवते, पण दिवाळीचे तिकीट साठ दिवस आधी, आरक्षण उघडते त्याच सकाळी काढावे लागते, नाहीतर ट्रॅव्हल्सवाले मागतील ते द्यावे लागते.

घरी राहण्यालाही किंमत आहे आणि ती मुलींना अधिक मोजावी लागते, हे मी भावाकडे नव्हे तर नागपुरात शिकलेल्या मैत्रिणींकडे पाहून म्हणते. पाहुणे आले, आजीला दवाखान्यात न्यायचे आहे, गॅस संपला, प्रत्येक वेळी 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य येते आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीही ते येते. तुमच्या घरी बसून अभ्यास करायला जागा नसेल, किंवा घरात राहून आपल्याला श्वास घेता येत नाही असे वाटत असेल, तर घर सोडायला ते पूर्ण वैध कारण आहे, त्याला 'करिअर' असे नाव देऊन लपवू नका. मात्र तसे असेल तर साधे महाविद्यालय पत्करून आपण ही मोकळीक विकत घेत आहोत, हे स्वतःला स्पष्ट सांगा. शहर बदलल्यावर महाविद्यालय आपोआप बरे निघेल या आशेवर मी गेले होते.

आणखी एक वाट तुमच्या प्रश्नात नाही, पण माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ती घेतली: पदवी नागपुरातून करायची, वाचलेले पैसे बाजूला ठेवायचे आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडायचे. भाऊ बावीसाव्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याने मला फोन करून विचारले की घरमालकाने मागितलेले डिपॉझिट किती महिन्यांचे असावे आणि पावती कशी लिहून घ्यावी. चार वर्षे उशिरा शिकला, पण शिकला, आणि तोवर त्याच्या हाती चांगली पदवी होती.

तुमच्या जागी मी असते तर यादीत आधी सीओईपी आणि पुण्यातली खरोखर वरची दोन-तीन महाविद्यालये लिहिली असती, त्याखाली नागपुरातली चांगली सगळी, आणि पुण्यातली उरलेली लिहिलीच नसती. पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि विचारात असलेल्या महाविद्यालयांची नावे इथे लिहिलीत तर क्रम पाहून सांगेन. फक्त त्याआधी आई-बाबांकडून तो दरमहाचा आकडा घेऊन या.