नवे जीवाश्म सापडल्याने उत्क्रांती आणि श्रद्धा यांच्या वादात काय बदलते?

प्रत्येक नव्या जीवाश्माने उत्क्रांतीचा खरेखोटेपणा नव्याने ठरतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे होत नाही, कारण हा सिद्धान्त एका हाडावर उभा नाही. खरे वजन असते ते आधी मांडलेला अंदाज पुढे खडकात खरा ठरण्याला. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडावा, असा हिशेब करून संशोधकांनी कॅनडाच्या एल्स्मिअर बेटावर अनेक मोहिमा काढल्या आणि २००४ मध्ये त्यांना टिक्टालिक सापडला. त्याला खवले माशाचे होते, पण मान मोकळी होती आणि परांमध्ये मनगटासारखी हाडे होती.

आमच्या खानदेशाची बहुतेक भूमी लाव्हाच्या काळ्या पाषाणाची असल्याने येथे असे जीवाश्म क्वचितच मिळतात. तरीही चाळीसगावजवळच्या पाटणे येथे अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली, आणि त्यांतील एका तुकड्यावर माणसाने नक्षीही कोरलेली आहे.

श्रावणात कानबाई देवी बसवणाऱ्या घराची श्रद्धा अशा पुराव्याने डळमळण्याचे कारण नाही. अडचण होते ती पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच मानणाऱ्या, धर्मग्रंथांच्या शब्दशः वाचनाची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर १९९६ मध्येच उत्क्रांती ही केवळ गृहीतक राहिलेली नाही, असे मान्य केले होते. दशावतारांत उत्क्रांती शोधण्याची आपल्याकडची हौस मात्र मला पटत नाही, कारण कोणत्या थरात काय सापडेल हे त्यावरून कोणीही आधी सांगितलेले नाही.