'माय'च राहू दे

पोरी,

तुझं पत्र आणि कवितेचे दोन्ही खर्डे काल रात्री वाचले. स्पर्धेच्या परीक्षकांनी 'माय'चं 'आई' आणि 'खोपी'चं 'झोपडी' करायला सांगितलं, आणि तू मुकाट्यानं केलंस. दुसरा खर्डा मी बाजूला ठेवलाय. तो कुणाचाही असू शकतो.

तोमास रिवेरा वाच. १९३५ साली टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीत जन्मलेला चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळाचा अमेरिकन, कवी-कादंबरीकार. घरचे मेक्सिकन शेतमजूर. जिथं पीक, तिथं बिऱ्हाड, पार आयोवा-मिनेसोटापर्यंत. हे तुला समजावायची गरज नाही, तुझं बालपण साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडावरच गेलंय. त्या काळी टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोललं की पोरांना शिक्षा व्हायची. हा मुलगा पुढे इंग्रजी शिकवू लागला, पीएच.डी. झाला, १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा चान्सलर झाला. कविता त्यानं इंग्रजीतही केल्या. पण मजुरांची कादंबरी लिहायला बसला तेव्हा मजुरांच्याच स्पॅनिशमध्ये लिहिली. जे ज्या बोलीत घडलं, ते त्याच बोलीत.

१९७१ ला आलेल्या त्या कादंबरीचं नाव '...आणि धरणीनं त्याला गिळलं नाही'. बाप उन्हानं आडवा झालेला, मग नऊ वर्षांचा धाकटा भाऊही शेतात कोसळतो. त्याला उचलून घरी आणताना पोरगा देवाला शिवी घालतो. आता धरणी दुभंगेल म्हणून पायाखाली बघतो, तर जमीन घट्टच. ती शिवी सभ्य भाषेत लिहिली असती तर ती जमीन एवढी घट्ट लागली असती का? सांग मला!

त्याच कादंबरीतल्या दुसऱ्या एका कथेत मजुरांनी भरलेला ट्रक रात्री वाटेत बंद पडतो. सगळे उभ्यानं अवघडलेले, आणि एकेकाच्या मनातलं बोलणं आपल्याला ऐकू येतं. नावं नाहीत. माणूस ओळखायचा तो नुसत्या बोलण्यावरून. बोलीच पुसली तर त्या ट्रकमध्ये उरतं कोण?

मी हे इतकं तावातावानं का लिहितोय, तेही ऐक. माझ्या पहिल्या कादंबरीतली बाई म्हणजे माझी आई. संपादक म्हणाले, मालवणी कुणाला कळणार? मी सगळी प्रमाण मराठी करून दिली. नोकरी नवी होती, घरात दोन लहान मुलं होती, पुस्तक निघणं भाग होतं. तीन आवृत्त्या निघाल्या, हेही खरं. माझ्या जागी दुसऱ्या कुणी वेगळं केलं असतं असं मला आजही वाटत नाही. पण आईला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ही बाई खंयची रे?"

त्याला एकतीस वर्षं झाली. त्यानंतर मी एक ओळही कुणाच्या सांगण्यावरून धुतली नाही. पुस्तकं कमी निघाली, निघू देत.

तेव्हा स्पर्धेचं मला सांगू नकोस. तिसऱ्या कडव्यात मुकादम उचलीचा हिशोब सांगतो, ती ओळ तू गाळलीस. ती परत घाल, तो बोलला तशीच. 'माय', 'खोपी', 'मोळी' जागच्या जागी ठेव. ज्या बोलीत घडलं, त्याच बोलीत.

पुढच्या रविवारपर्यंत पहिला खर्डा पुन्हा लिहून पाठव. पाठवायच्या आधी तुझ्या मायला वाचून दाखव, आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं मला कळव.